पाठकोरी कार्डं

कॅरियाकू
४ मार्च २०१२

प्रिय ऑस्बर्ट,

तुझं जानेवारीत टाकलेलं पत्र परवा हातात पडलं. पोस्टातली लव्हीन म्हणाली, "टीचर, ग्रेनाडाहून बोटच आली नाही, माझ्यावर डोळे वटारू नका." मी वटारले नव्हते. माझे डोळेच तसे आहेत.

तू विचारलंस म्हणून सांगते. गुडघा बरा आहे. रक्तदाब गोळीच्या मुठीत आहे. छपराचे दोन पत्रे बदलून घेतले. टाकीतलं पाणी पावसापर्यंत पुरेल, कारण मी एकटी आहे आणि उधळत नाही. तूर काढून झाली, रिवाजाप्रमाणे गावानं जनावरं मोकळी सोडली, त्यामुळे क्वाशी गवंड्याच्या शेळ्या माझ्याच अंगणात उभ्या राहून 'तू इथे कशी?' अशा नजरेनं माझ्याकडे बघतात.

आता कामाचं. आईचं दगडाचं जेवण, कबरीवर दगड बसवताना गावाला घालायचं ते, या वर्षी घालायचं ठरलं आहे. तिला जाऊन सहा वर्षं होतील आणि कबरीवर अजून नुसती शंखांची कड आहे. मी आणखी एखादं वर्ष ढकललं असतं, पण मागच्या आठवड्यात गावाची मावशी टँटी एमलिन काठी आपटत आली. वय ब्याण्णव, आवाज बाविशीतला.

"सेलेस्टीन स्वप्नात आली होती," ती म्हणाली. "अंगणात उभी होती. म्हणाली, एमलिन, उजवा बूट चावतोय."

मी म्हटलं, "टँटी, मेलेल्या माणसाला बूट चावत नाही."

"तुझ्या कॉलेजात तसं शिकवलं असेल. मला दिसलं ते मी सांगितलं. दगड नाही, ताट नाही, बाईनं किती दिवस उभं राहायचं? जन्मभर उभीच होती. मेल्यावर तरी टेकायला जागा द्या तिला."

स्वप्नांवर माझा विश्वास नाही. पण गावाचा आहे, आणि मला गावात राहायचं आहे. तू होड्यांच्या शर्यतीच्या सुट्टीत येतोस म्हणालास, तर जेवण ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी धरू. दगड तू इंग्लंडहून पाठवणार, हेही ठीक. दफनाला तुला येता आलं नाही. तुझी अडचण होती. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आताही बोलत नाही.

पत्रात तू त्या कार्डाची प्रत घातली होतीस. हो, ती आईच आहे. सोळाची असेल. जुन्या कार्डांच्या बाजारात एका खोक्यात, बेटांच्या बंदरांच्या आणि चर्चच्या चित्रांमध्ये ती अचानक समोर आली आणि तू दुकानदाराकडे खुर्ची मागून तिथेच बसलास, हे वाचलं. चौदाव्या वर्षी तू वडिलांकडे गेलास तेव्हा सोबत न्यायला तिचा एकही फोटो घरात नव्हता. तेव्हा तुला काय झालं असेल ते मला कळतं. तुझ्या वाचनालयात तू जुन्या कॅरियाकूवर बोलतोस, पडद्यावर हे कार्ड लावतोस, 'ही माझी आई' म्हणतोस आणि बायका रुमाल काढतात, तेही कळलं. जमवणाऱ्या लोकांत कॅरियाकूचं हेच कार्ड सगळ्यात जास्त सापडतं, म्हणजे त्या काळी आई किती लोकप्रिय असेल, असं तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी पोचलं असतं.

फक्त एक. दगडावर चित्र नको. नाव, तारखा, पुरे. कारण विचारू नकोस. थोरल्या बहिणीनं एक गोष्ट मागितली असं समज. मी तुझ्याकडे फार काही मागितल्याचं तुलाही आठवणार नाही.

आणि हो, दर नाताळात तू बोटीनं येणाऱ्या पिंपातून आईला बूट पाठवायचास, ते तिला आवडायचे का, असं तू विचारलं आहेस. आवडायचे. पुसून खाटेखाली जोडीनं ठेवायची.

थंडी जपून.

तुझी बहीण,
आयोनी


कॅरियाकू
१९ मे २०१२

प्रिय ऑस्बर्ट,

तू सुखरूप असशील. मीही आहे. दगड आला.

धक्क्यावर चौघांनी उतरवला, क्वाशीच्या गाडीवर घालून घरी आणला. फळ्या काढायला निम्मं गाव अंगणात जमलं होतं, कारण विलायतेतून खोकं आलं की त्यात आपल्यासाठी काहीतरी असेल असं प्रत्येकाला वाटतं. काळाभोर दगड, आरशासारखा. मी वाकले तर आधी मला माझंच तोंड दिसलं. मग त्याच्यामागून आई दिसली.

तू माझं ऐकलं नाहीस.

डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण बाई. डोक्यावर टोपली, टोपलीत लिंबं, अनवाणी पाय. खाली कार्डावरचेच शब्द: 'कॅरियाकूची लिंबूवाली'. त्याच्याखाली, जरा बारीक, तिचं नाव. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, "काम इतकं बारीक आहे की पायाची बोटं मोजता येतात."

क्वाशी म्हणाला, "टीचर, बाई जिवंत उभी केली की हो!" मग त्याची नजर खाली गेली आणि त्यानं टोपी काढली. कोणी काही बोलेना. टँटी एमलिननं काठी पुढे करून दगडावरच्या पायांना हलकेच टोचलं. एका पायाला, मग दुसऱ्याला.

"दोन्ही," ती म्हणाली.

मी सगळ्यांना घरी पाठवलं. ते का गप्प झाले ते आज लिहीत नाही. पण दुसरी एक गोष्ट लिहिते, जी मागच्या पत्रात लिहायला हवी होती असं तू म्हणशील. मला वाटलं होतं, नुसतं 'नको' म्हटलेलं तुला पुरेल.

आई लिंबं वेचत नव्हती, ऑस्बर्ट. त्या वर्षी ती शाळेत शिकाऊ शिक्षिका होती. सकाळी लहान वर्गाला अक्षरं शिकवायची, दुपारी हेडमास्तर पॉम्फ्रेंसमोर बसून स्वतःचा अभ्यास. शिक्षिकेनं वर्गात अनवाणी उभं राहायचं नाही असा नियम होता, म्हणून कॅप्टन आजोबांनी आपल्या शिडाच्या स्कूनरवरून पोर्ट ऑफ स्पेनहून तिच्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. ते पहिल्यांदा घालून ती शाळेत गेली, त्याच दिवशी त्रिनिदादचा एक फोटोवाला लिंबांच्या मळ्याच्या मॅनेजरबरोबर शाळेच्या दारात आला. त्याला देखणी मुलगी हवी होती. पॉम्फ्रेंनी आईला पुढे केलं. आईला वाटलं, शिक्षिकेचा फोटो काढतायत. तिनं हातात पुस्तक घेतलं.

फोटोवाल्यानं पुस्तक काढून घेतलं. रस्त्यानं मळ्यातली एक मुलगी टोपली घेऊन चालली होती, तिची टोपली उतरवून आईच्या डोक्यावर ठेवली. ती मुलगी म्हणजे एमलिन. ती अजून सांगते, "टोपली माझी, लिंबं माझी, अनवाणी पायही माझेच. फोटो मात्र तिचा. माझं नाक त्याला चालेना."

मग त्या माणसानं आईच्या पायांकडे बोट केलं. "ते काढ."

आई म्हणाली, "साहेब, मी शिक्षिका आहे."

मॅनेजर म्हणाला, "चटकन, पोरी, ऊन सरकतंय."

तिनं बूट काढले आणि कडेला गवतात जोडीनं ठेवले. कार्ड नीट बघितलंस तर डाव्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं दिसेल. तू भाषणात त्याला कोंबडी म्हणतोस आणि लोक हसतात, असं तूच लिहिलं होतंस. ती कोंबडी नाही. दगडावर तुझ्या कारागिरानं डाग समजून ते पुसूनच टाकलं आहे.

ती हसते आहे असंही तू म्हणतोस. सवय नसलेल्या माणसानं भरली टोपली डोक्यावर घेऊन मान ताठ ठेवली की दात आवळावे लागतात. तू कधी टोपली उचलली नाहीस, तुला ते हसू वाटणार.

पुढच्या वर्षी कार्ड छापून आलं आणि हिल्सबरोच्या डॅलरिंपलच्या दुकानात दाराशी टांगलं गेलं. मळ्यातली पोरं शाळेच्या कुंपणाशी येऊन ओरडायची, "मास्तरीणबाई, लिंबं कशी दिली?" आजोबा सफरीवरून परतले, त्यांनी कार्ड बघितलं. ते मोठे मानी होते, ओरडणाऱ्यातले नव्हते. दुकानात गेले आणि होती नव्हती तेवढी सगळी कार्डं विकत घेतली. घरी आणून चुलीत घातली. त्यांना वाटलं, संपलं.

महिना-दोन महिन्यांनी ते परत दुकानावरून गेले तर दाराशी कार्डांची नवी माळ. डॅलरिंपल हात चोळत बाहेर आला. "कॅप्टन, तुमच्या पोरीला काय मागणी आहे! एका दिवसात सगळी गेली. मी दुप्पट मागवलीत!"

आजोबांनी तीही घेतली. काय करणार? डॅलरिंपलनं आणखी मागवली. छापणाऱ्यांना वाटलं, या बेटावर हे एकच कार्ड चालतं. मग त्यांनी ते बोटींवर ठेवलं, बार्बाडोसच्या हॉटेलांत ठेवलं, इंग्लंडला धाडलं. आता कळलं, तुला ते खोक्यात का सापडलं? तुझी आई लोकप्रिय नव्हती. तुझे आजोबा पराभूत झाले होते.

त्याच वर्षी ग्रेनाडाहून शिक्षण खात्याचा तपासनीस आला. त्यानं दुकानात कार्ड पाहिलं होतं, वर्गात आईला पाहिलं. पॉम्फ्रेंना म्हणाला, "ही तर तुमची लिंबूवाली." दुसऱ्या सोमवारी पॉम्फ्रेंनी आईला सांगितलं की पालक नाराज आहेत, जिचे उघडे पाय दुकानात विकायला आहेत तिच्याकडे पोरं कशी पाठवायची? ज्या माणसानं तिला पुढे केलं होतं तोच हे बोलला.

त्यानंतर ती मळ्याच्या गोदामात लिंबं निवडायला जाऊ लागली. तुला आठवतात ते तिचे हात, आंबट वासाचे, चिरा पडलेले, ते तिथले. कार्डानं तिला आधी लिंबूवाली म्हटलं. मग गावानं म्हटलं. मग ती झाली.

हे तिनं मला एकदाच सांगितलं. मी जमैकाला कॉलेजात निघाले त्या दिवशी, धक्क्यावर, माझ्या बुटाची नाडी बांधता बांधता. मी एकोणीस वर्षांची होते, मला नाडी बांधता येत होती. ती म्हणाली, "कोणी काढायला सांगितलं तर नाही म्हण." बस. नंतर आयुष्यभर विषय काढला नाही. आजोबांच्या खरेदीचं सांगताना मात्र हसली होती.

दगडासोबत एक खोकंही आलं आहे. तेच कार्ड, नव्यानं छापलेलं, मागची बाजू कोरी, आलेल्या प्रत्येकाला आठवण म्हणून वाटायला. मी वाटणार नाही.

दगड परत पाठवता येत नाही. म्हणून मी तुझ्याकडे परवानगी मागते: चित्र आणि ते शब्द घासून काढू दे. क्वाशी म्हणतो, पॉलिश जाईल, पण जमेल. तुझा पैसा आहे, तुझी हौस आहे, म्हणून विचारते. एक ओळ लिही. 'हो' एवढं पुरे.

आयोनी


कॅरियाकू
३ जुलै २०१२

प्रिय ऑस्बर्ट,

हे पत्र तुझ्याच कार्डांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. घरात कागद आहे. पण आजोबांसारखी ही कार्डं मी जाळणार नाही. जाळली तर तू आणखी छापशील. कोपऱ्यात आकडे घातले आहेत, त्या क्रमानं वाच, आणि वाचताना उलटू नकोस.

इकडे पाऊस आला. टाकी भरत आली आहे. लव्हीनला मुलगी झाली. क्वाशीची एक शेळी कमी झाली, ती का ते पुढे येईल.

तू ओळ लिहिली नाहीस, फोन केलास. तुला बोलायला आवडतं. तू काय काय म्हणालास ते मी विसरले नाही, तू विसरला असशील म्हणून लिहून ठेवते.

तू म्हणालास, "आयोनी, लाज तुला वाटते. आईला नाही. तू पहिल्यापासून हेडमास्तरीण."

मी म्हटलं, "तिनं बूट काढले तेव्हा तू जन्मला नव्हतास."

"अगं, अनवाणी असणं हा आपला इतिहास आहे! तो लपवायचा कशाला?"

"आईला बूट होते."

"त्याच दिवशी तर मिळाले होते!"

"त्याच दिवशी तो माणूस आला, ऑस्बर्ट."

मला क्षणभर वाटलं, पोचलं. पण तू म्हणालास, "चित्र राहू दे. उलट मी तर ठरवलंय, घरापासून कबरीपर्यंत अनवाणी चालणार. आईसारखा. सगळ्यांना सांग, बायकांनी डोक्यावर लिंबांच्या टोपल्या घ्यायच्या. माझा मित्र फोटो काढायला येतोय."

मी सांगितलं की इथे आता लिंबं होत नाहीत, दुकानातून जाळीच्या पिशवीत आणावी लागतील. तू हसलास. तुला वाटलं, मी विनोद केला.

त्या फोननंतर मी ठरवलं.

जेवण झालं. गेल्या शनिवारी. तुझं तिकीट या महिन्याच्या शेवटचं आहे, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी दिवस अलीकडे घेतला. गावाला मी कारण सांगितलं नाही आणि गावानं विचारलं नाही.

रिवाजाप्रमाणे दगड आदल्या दिवशी घरात घेतला, आईच्या खाटेवर ठेवला, वर पांढरी चादर घातली. मी तो पालथा ठेवायला लावला. टँटी एमलिन दारातून म्हणाली, "बाईला पालथी निजवलीस? घोरेल हो." मी म्हटलं, "घोरू दे. तोंड दिसण्यापेक्षा बरं." तिनं चादरीवर थोडी रम आणि थोडं पाणी शिंपडलं, उरलेली रम स्वतः घेतली, आणि खाटेशी खुर्ची ओढून बसली. मला म्हणाली, "जा तू, मी आहे. टोपली माझी होती, निदान राखण तरी करते."

सकाळी क्वाशीला बोलावून सांगितलं, दगड उभा नाही बसवायचा. आडवा, चित्र खाली. वरच्या बाजूला, म्हणजे दगडाच्या पाठीवर, छिन्नीनं नाव कोरायचं.

"टीचर, विलायती पॉलिश मातीत घालायचं? ऑस्बर्ट माझा जीव घेईल."

"त्यासाठी त्याला इथे यावं लागेल."

"आणि ती चित्रातली बाई तुमच्या आईच्या अंगावर पडून राहणार? ते बरं दिसेल?"

हा प्रश्न मलाही पडला होता. मी म्हटलं, "आधी तिच्यावर सिमेंट फिरव. रेघ न् रेघ बुजव. कोरलेलं काही उरता कामा नये." त्यानं घमेलं कालवलं. थापी कुठे लावू, असं विचारलं. मी म्हटलं, "पायांपासून."

ते मी स्वतः उभी राहून करून घेतलं. पाय आधी गेले, मग घागरा, मग ते आवळलेले दात, शेवटी एमलिनची टोपली. मग सहा जणांनी दगड उचलून नेला. सगळे बूट घालून होते. क्वाशीसुद्धा, जो लग्नातही सपाता घालतो.

नावाखाली काय कोरू, असं त्यानं विचारलं. तारखा? मी एक शब्द सांगितला. तो डोकं खाजवत म्हणाला, "पण टीचर, शाळेत ती दोन वर्षंही नव्हती ना?"

"तुला अंक कुणी शिकवले, क्वाशी?"

"तिनंच. तुमच्या पायरीवर. सडकी लिंबं मांडून."

"मग कोर."

तूर आणि भात केला, मक्याच्या पिठाचा कूकू केला, आणि क्वाशीची शेळी. पितरांचं ताट अळणी वाढून आतल्या खोलीत टेबलावर ठेवलं. मी कशावर विश्वास ठेवते हा प्रश्न नाही. ताट मी स्वतः वाढलं. ढोल उत्तररात्रीपर्यंत चालले. तुझी आठवण कोणी काढली नाही असं नाही. एमलिन म्हणाली, "तो चांगला पोरगा होता." होता, असं म्हणाली.

आता जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही ते. तू लिहिलंस, पायाची बोटं मोजता येतात. तुला माहीत नव्हतं, हे मला मान्य आहे. तुला माहीत होऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनीच काळजी घेतली.

आईचा उजवा पाय कापला होता, ऑस्बर्ट. घोट्याच्या वरून. साखरेच्या आजारानं. तू शेवटचा येऊन गेलास त्यानंतर अकरा वर्षांनी. मोठ्या बेटावर नेलं, मी सोबत होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली, "ऑस्बर्टला कळवायचं नाही. त्याच्या डोक्यात मी चालतेय. तशीच चालू दे." मग तिनं परतल्यावर शेजाऱ्यांना एकेकाला बोलावून तेच बजावलं. सात वर्षं गावातल्या एकाही माणसानं पत्रात, फोनवर, तिकडे जाऊन तुझ्या घरी जेवतानासुद्धा ते तोंडातून काढलं नाही. तू विचारायचास, "आई फोनवर येते तेव्हा धापा का टाकते?" ती खाटेवरून कुबडी घेऊन फोनपाशी यायची.

तुझे बूट नाताळात येत राहिले. डावा ती घालायची. डाव्यांचे तळ झिजलेले आहेत. उजवे सगळे कोरे. माझ्या कपाटात खालच्या फळीवर त्यांची रांग आहे. एकट्या उजव्या बुटाचं कोणी काय करणार?

पुरताना मी तिला शेवटची जोडी घातली. दोन्ही. उजव्यात कापूस भरला, आपल्याच परड्यातला. गाव बघत होतं. त्या गावासमोर तू तिचे दहा बोटांचे पाय काळ्या दगडावर उभे केलेस आणि मला विचारतोस, लाज कसली.

उजवा बूट चावतोय, असं एमलिनच्या स्वप्नात ती म्हणाली. एमलिनला पायाचं ठाऊक होतं, म्हणून तिला तसं स्वप्न पडलं, दुसरं काही नाही. पण परवा मी विचारलं, "टँटी, परत आली होती का?" तर म्हणाली, "नाही. बसली असेल."

कार्डं संपत आली. खोक्यात आणखी आहेत, पण मला लिहायचं ते संपलं आहे. उरलेली मी वापरणार आहे. लव्हीनची मुलगी मोठी झाली की तिला अक्षरं काढायला कोऱ्या बाजू लागतील. चित्राची बाजू मी पुठ्ठ्याला चिकटवून टाकीन.

तुला राग येईल. तो तू फोनवर काढू नकोस, मी उचलणार नाही. तुझं तिकीट आहे, तर ये. घर तुझंही आहे. मागची खोली झाडून ठेवते. शेळी संपली, मासे मिळतील. कबर दाखवीन. दगडावर वाचायला एक नाव आहे आणि एक शब्द, 'शिक्षिका'. खाली काय आहे ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.

मित्राला आणू नकोस. आणि अनवाणी येऊ नकोस. बूट घालून ये, नाड्या बांधून. कोणी काढ म्हटलं, अगदी तुझ्याच मनानं म्हटलं, तरी काढू नकोस.

सेलेस्टीन टीचरची मुलगी,
आयोनी